पहाटे अडणारी अन्नपूर्णा

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी आमच्या आळीतल्या वकीलसाहेबांची मोटार अडली. पुढचं हँडल फिरवलं की सुरू व्हायची, पन्नास पावलं जायची आणि दम सोडायची. पुन्हा हँडल, पुन्हा पन्नास पावलं. ठाण्यात मोटारी अजून बोटांवर मोजण्याइतक्याच, त्यामुळे बघायला गर्दी भरपूर आणि सल्ला देणारे त्याहून जास्त. शेवटी कुणीतरी म्हणालं, आपल्या सखाराम मिस्त्रीला बोलवा, म्हाताऱ्याने जन्मभर यंत्रंच हाकली आहेत.

तो म्हातारा मीच, पण मी मोटारीतला माणूस नव्हे. माझं आयुष्य वाफेच्या यंत्रांत गेलं, आणि पेट्रोलचा वास मला सोसत नाही. पण अडलेलं यंत्र दिसलं की माझा हात आपोआप धोतर खोचायला जातो. ड्रायव्हरला मी एकच गोष्ट विचारली, जी मी चाळीस वर्षं विचारत आलो. मोटार नीट चालत होती त्या दिवसापासून आजपर्यंत काय बदललं? तो म्हणाला, काही नाही. वकीलसाहेब म्हणाले, काही नाही. बाई आतून म्हणाल्या, काही नाही, फक्त दसऱ्याची पूजा केली. मी टाकीचं झाकण पाहिलं. आत हवा जायला त्या झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. बाईंनी भक्तिभावाने नेमकं त्या भोकावर ओल्या हळदकुंकवाचं बोट टेकवलं होतं, आणि ते वाळून दगड झालं होतं. मी काडीने भोक मोकळं केलं आणि मोटार बाजारपेठेपर्यंत जाऊन आली.

या अंकाचे संपादक तेव्हा तिथेच ओट्यावर चहा घेत बसले होते. ते म्हणाले, मिस्त्री, असलं काहीतरी लिहून द्या. मी म्हणालो, मला लिहायला जमत नाही. ते म्हणाले, बोलायला जमतं ना, तसंच लिहा. म्हणून हे लिहायला बसलो आहे. चुकलंमाकलं त्यांच्या पदरात.

आमच्या धंद्याबद्दल लोकांची समजूत अशी की मिस्त्री येतो, हातोडा मारतो आणि यंत्र चालू होतं. खरं तर हातोडा शेवटी. आधी कान, मग नाक, मग जीभ, म्हणजे विचारपूस. चालू यंत्र बिघडलं तर ते निदान बोलतं. खडखडतं, शिट्टी मारतं, पाणी गाळतं. जे सुरूच होत नाही ते गप्प असतं, आणि गप्प यंत्राइतका त्रास मला माझ्या सासुरवाडीनेही दिला नाही.

आंबिवलीकडे एक भातगिरणी होती. तिथलं इंजिन रोज सकाळी आठ माणसं चाकाला लागून, हर हर महादेव म्हणत ढकलून सुरू करायची. दोन वर्षं हा प्रकार चालला होता आणि मालकाला वाटत होतं, वाफेचं इंजिन असंच सुरू करतात. सायकलवाल्यांना माझं म्हणणं लगेच कळेल. पायटा, म्हणजे पेडल, अगदी सरळ वर उभा असला तर त्यावर कितीही जोर द्या, चाक फिरत नाही. जरा पुढे असला की लगेच फिरतं. इंजिनाचंही तसंच. संध्याकाळी ते नेमकं त्या अडचणीच्या जागी थांबायचं, म्हणून सकाळी अडायचं. मी चाकावर चुन्याची रेघ मारली आणि सांगितलं, थांबवताना रेघ इथे येऊ द्या. दुसऱ्या दिवशी एका माणसाने इंजिन सुरू केलं. मालक खूश व्हायचा तर हिरमुसला. त्याच्या मते महादेवाचं नाव घेतल्याने वर्ष चांगलं जात होतं. पुढे कितीतरी दिवस ती आठ माणसं हात जोडून नुसती उभी राहायची, गजर करायची आणि मग आपापल्या कामाला लागायची.

पण मला सांगायचं आहे ते अन्नपूर्णेबद्दल आणि जोमाबद्दल. ही गोष्ट मी आजवर पूर्ण कुणाला सांगितली नाही, कारण तिच्यात माझी हुशारी आहे तितकाच माझा आगाऊपणाही आहे.

कल्याणला भाऊशेट म्हणून भाताचे आणि मिठाचे मोठे व्यापारी होते. त्यांनी मुंबईहून एक जुनी आगबोट विकत आणली आणि तिला आपल्या आईचं नाव दिलं, अन्नपूर्णा. लहानशी बोट. मधोमध उभं एकच नळकांडं असलेलं इंजिन, मागे बॉयलर, वर ताडपत्रीचं छप्पर. कल्याणच्या बंदरातून निघायची, डोंबिवली, दिवा, मुंब्रा करत खाली कोलशेत, घोडबंदर, कधी वसईपर्यंत. मिठाचे पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, ओढायची आणि वर उतारू घ्यायची. मी पाहिली तेव्हाच ती म्हातारी होती. पितळ इतकं घासलेलं की त्यावरची इंग्रजी अक्षरं पुसली गेली होती. मला ती फार आवडायची. नवं यंत्र सगळ्यांशी सारखं वागतं, जुन्याला माणसाची ओळख असते.

अन्नपूर्णेची ओळख जोमाशी. जोमा तिचा आगवाला, म्हणजे बॉयलरमध्ये लाकूड घालणारा, वाफ धरणारा, तेलपाणी करणारा आणि इंजिन चालवणारा. दिव्याच्या आगरी घरातला, बापजादे मिठाच्या आगरांत राबलेले. काळा, रुंद, कमी बोलणारा. पंधरा वर्षं त्याने ती बोट चालवली होती आणि संध्याकाळी ताडी पिऊनही पहाटे भरतीच्या वेळेला बोट कधी चुकवली नव्हती.

त्या वर्षी मार्गशीर्ष लागला आणि अन्नपूर्णा पहाटे अडायला लागली. बॉयलरमध्ये वाफ भरपूर, काटा बरोबर, आणि वाफ सोडली तर इंजिन नुसतं कण्हायचं. पहारीने चाक हलवायचं, गरम पाणी ओतायचं, अर्धा-पाऊण तास झटापट झाली की एकदम सुटायचं. मग दिवसभर सुतासारखं सरळ. पण खाडी कुणासाठी थांबत नाही. भरती टळली की बोट चिखलावर बसते. दोनदा पडाव अडकले, उतारू शिव्या देत रेल्वेकडे गेले. भाऊशेटांचं पोस्टकार्ड आलं आणि मी कल्याणला गेलो.

मी पोहोचलो दुपारी. रोगी वैद्य दिसताच बरा होतो तसं इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. तरी काहीतरी सांगायला हवं, म्हणून मी लाकूड ओलं असल्याचा ठपका ठेवला. आठ दिवसांनी दुसरं कार्ड. पुन्हा दुपार, पुन्हा पहिल्या झटक्यात सुरू. मी चाकावर आंबिवलीची रेघ मारली आणि जोमाला ती समजावून सांगितली. तिसऱ्या खेपेला मी त्याला सांगितलं की थंड नळकांड्यात वाफेचं पाणी होतं, ते आधी खालच्या तोटीतून काढायला हवं. हे सगळं त्याला पंधरा वर्षांपासून माहीत होतं. तो हात बांधून ऐकायचा आणि म्हणायचा, व्हय मिस्तरी. प्रत्येक वेळी काय बदललं हेही मी विचारलं, आणि प्रत्येक वेळी तो म्हणाला, बोटीन कायच नाय बदलला. ते शब्दशः खरं होतं.

तिसऱ्या खेपेला भाऊशेटांनी मला बाजूला घेतलं. त्यांना संशय होता की जोमा पहाटे प्यालेला असतो, त्याच्या हातून काहीतरी राहतं. म्हणाले, जवळ जाऊन वास घ्या. मी गेलो. दारूचा वास नव्हता. आला तो काहीतरी तळल्याचा खमंग वास, आणि मला वाटलं, बायकोने शिदोरीत पुऱ्या दिल्या असतील. उतारूही हसून म्हणायचे की या बोटीत बसलं की भूक लागते. इतकं नाकासमोर असून मला दिसलं नाही, आणि वर मी लोकांना सांगत फिरतो की आमच्या धंद्यात नाक महत्त्वाचं.

माघात भाऊशेटांच्या मुलाचं लग्न ठरलं. नवरीकडचे वसईचे. वऱ्हाड अन्नपूर्णेतून न्यायचं, पहाटे भरतीच्या माथ्यावर निघायचं, ओहोटीबरोबर खाली जायचं आणि गोरज मुहूर्ताच्या आत वसई गाठायची. रेल्वेने जायचं तर दादरला उतरून दुसऱ्या कंपनीची गाडी, बायकामुलं, रुखवत, वाजंत्री, सगळ्यांची चढउतार. भाऊशेटांनी साफ सांगितलं की त्या पहाटे बोट अडली तर जोमाला उतरवून मुंबईहून दुसरा माणूस आणीन. लग्नाला नऊ दिवस होते.

या वेळी मी शहाणपणा केला आणि आदल्या दिवशीच जाऊन भाऊशेटांच्या वखारीत मुक्काम केला. पहाटे बंदरावर गेलो. कडाक्याची थंडी होती. भाऊशेट शाल पांघरून स्वतः आले होते, सोबत दिवाणजी, तांडेल, हमाल. जोमाने वाफ सोडली, इंजिन कण्हलं आणि थांबलं. मी म्हणालो, आता कुणी हात लावू नका. वाफ बंद केली आणि झडपेची पेटी उघडायला घेतली.

इथे वाचकांना थोडं सांगायला हवं. नळकांड्यात दट्ट्या वरखाली होतो. त्याला कधी वरून ढकलायचं आणि कधी खालून, हे ठरवायला बाजूच्या पेटीत एक लोखंडी झडप सरकत असते. ती सरकली तर सगळं सरकतं. वाफ तिला पाठीमागून दाबून धरते, म्हणून तिला सतत वंगण लागतं. त्या काळी ते वंगण म्हणजे चरबी. गोठलेली डब्यातून यायची, पळीत वितळवून वरच्या पितळी वाटीत ओतायची, वाटीखालचा कान फिरवला की आत उतरायची. कुठल्या जनावराची ते डब्यावर लिहिलेलं नसे आणि विचारायची पद्धत नव्हती. आम्ही यंत्रवाले कोपरापर्यंत तिच्यात असायचो. माझ्या आईने मी कामाला लागल्यापासून माझा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला होता. तोंडाने कधी काही बोलली नाही, पण तांब्या वेगळा.

पेटीचं झाकण निघालं आणि अनारशाचा वास आला. आत चरबीचा मागमूस नव्हता. झडप तपकिरी, चिकट थराने बसली होती. प्रत्येक घरात तळणीच्या कढईच्या काठाला जो चिकटा जमतो आणि बायकांचे हात दुखले तरी निघत नाही, तोच. तापला की मऊ होतो, रात्रभर गारठला की झडपेला धरून ठेवतो. म्हणून दुपारी बोट चांगली आणि पहाटे आजारी. दोन महिने मला चकवणारं कोडं असं एका वासात सुटलं, आणि माझ्या डोक्यात हवा गेली. मी तो चिकटा बोटावर घेतला, वर धरला आणि मोठ्याने म्हणालो, "शेट, तुमच्या बोटीत कुणीतरी पुऱ्या तळल्यात."

सगळे हसले. दिवाणजींना तर ठसका लागला. जोमा हसला नाही. तो चाकाजवळ उभा होता, हातात तेलाचा बुधला, आणि कंदिलाच्या उजेडात त्याच्या गळ्यातली तुळशीची माळ मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट दिसली. कोरी माळ होती. कार्तिकीला घातलेली. बोटीत काहीच बदललं नव्हतं हे त्याचं म्हणणं खरंच होतं. बदललं होतं ते तो सांगत नव्हता आणि मी चुकीच्या वस्तूकडे बघत होतो.

भाऊशेटांचं हसू ओसरलं तसं त्यांनी विचारलं, चरबीचे डबे कुठे गेले. जोमा वखारीत गेला आणि त्याने एकेक करून डबे आणून त्यांच्या पायाशी ठेवले. एकही उघडलेला नव्हता. तेल तो घरून आणत होता, घाण्याचं तिळाचं, समईत घालतात ते. त्याला खरोखर वाटत होतं की देवापुढे जे चालतं ते बोटीला चांगलंच असणार.

भाऊशेट माणूस वाईट नव्हते, पण नऊ दिवसांवर लग्न आणि समोर चारचौघं. ते म्हणाले, "जोमा, एक तर चरबी घाल, नाहीतर उतर."

जोमाने बुधला खाली ठेवला. "उतरतंय शेट," म्हणाला, आणि फळीवरून धक्क्यावर आला. पंधरा वर्षं ज्या बोटीवर काढली तिच्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. मी हातातला चिकटा फडक्याला पुसत राहिलो. तो काही सुटेना.

मला तेव्हा जे वाटलं ते लिहितो. मला लाज वाटली. हीच गोष्ट मी जोमाला बाजूला घेऊन विचारली असती तर पेटी साफ झाली असती, बोट सुरू झाली असती आणि भाऊशेटांना कारण काय ते कळायचीही गरज नव्हती. पण बिघाड सापडला की मला चार माणसं लागतात. हा दुर्गुण माझ्यात आजही आहे, नाहीतर हा लेख कशाला लिहिला असता.

भाऊशेटांनी मलाच सांगितलं की मुंबईहून नवा माणूस बघा. मी हो म्हणालो, गाडीत बसलो आणि ठाण्याचं तिकीट असून दिव्याला उतरलो.

दिव्याला तेव्हा पाचपन्नास घरं, भाताची शेतं आणि खाडीपर्यंत पांढरी मिठागरं. जोमा अंगणात जाळं विणत बसला होता. माळ घालून मासे सोडलेला माणूस जाळं विणतो आहे, हे बघत मी त्याच्याजवळ बसलो. त्याची बायको पारूबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. हाडांचा सापळा, पण डोळे जिवंत. श्रावणात ती पटकीने गेल्यात जमा होती. गावातली चार माणसं त्या आठवड्यात गेली. जोमाने नवस केला की ही वाचली तर माळ घालीन, ताडी आणि मासे सोडीन. ती वाचली, त्याने माळ घातली. ताडी सुटली, मासे सुटले. मग एके दिवशी बोटीवर चरबीचा डबा उघडायला घेतला आणि हात पुढे जाईना. हे त्याने मला तुटक तुटक सांगितलं, सगळं मिळून दहा-बारा वाक्यांत.

मी म्हणालो, नवसात चरबीचं नाव तर घेतलं नव्हतंस.

तो म्हणाला, "हातानं चरबी चोळाची आन त्याच हातानं माळ जपाची? आन उद्या हिला काय झाला तर मी कोनाला इचारू?"

पारूबाईने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मी मेली आसती त डबाभर चरबी चोळली आसती यांनी, मिस्तरी. मी जगली तीच चूक झाली." जोमा तिच्यावर डाफरला. ती हसली. मला मात्र त्या हसण्याचं ओझं वाटलं, कारण आपल्यामुळे नवऱ्याची बोट गेली हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि ते तिने असं हलकं करून टाकलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा कल्याणला गेलो आणि भाऊशेटांसमोर बसलो. म्हणालो, त्या म्हाताऱ्या इंजिनाला जोमाखेरीज कुणी ओळखत नाही, मुंबईचा माणूस आठ दिवसांत काय ओळखणार. मुंबईच्या कारखान्यांत हल्ली जमिनीतून निघणारं काळं तेल येतं, ते यंत्राला चालतं आणि जोमालाही चालेल, पण ते मिळवायला महिना जाईल. तोवर लग्नाच्या दिवशी चरबी मी घालीन, माझ्या हाताने. आग, वाफ आणि चाक जोमाकडे. बोट पहिल्या झटक्यात सुटली नाही तर जोमाला उतरवा आणि मलाही पुन्हा बोलावू नका.

भाऊशेटांनी सुपारी कातरली. मग म्हणाले, "मिस्त्री, तुमच्यासारखा कारागीर वऱ्हाडासमोर तेलपाणी करणार?"

मी म्हणालो, करीन. मिस्त्रीने तेलपाणी करायचं म्हणजे आचाऱ्याने पत्रावळी उचलण्यासारखं आहे, पण ही अडचण माझ्या तोंडाने ओढवली होती.

भाऊशेट कबूल झाले, जोमा बोटीवर परत आला, आणि त्या आठ दिवसांत आम्ही पेटी साफ केली. मी घासलेट लावून पाहिलं, खरवडून पाहिलं. शेवटी माझ्या बायकोने सांगितलेला उपाय चालला. ती कढईला करते तसा, पापडखाराचं कढत पाणी, दोनदा, रात्रभर भिजवून. झडप आरशासारखी निघाली. जोमा खरवडायला होता, पण चरबीचा डबा उघडायची वेळ आली की उठून धक्क्यावर जाऊन बसायचा. मग आम्ही त्या सहा फुटांच्या जागेत सीमा ठरवली. बॉयलरची बाजू त्याची, वाटीची बाजू माझी, मधली पळी फक्त माझी. चरबी वितळवायला मी माझी वेगळी शेगडी आणली, कारण त्याच्या आगीवर ती तापवायची नाही. एवढं सोवळं माझ्या आईने कधी पाळलं नव्हतं. मी त्याला तसं म्हणालो आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याने दात दाखवले.

लग्नाची पहाट आली. धक्क्यावर सनई, नव्या लुगड्यांची सळसळ, रुखवताच्या टोपल्या, थंडीने रडणारी पोरं. भाऊशेटांच्या आई, म्हणजे खऱ्या अन्नपूर्णाबाई, ताडपत्रीखाली लोडाला टेकून बसल्या होत्या. पाणी माथ्यावर येऊन स्थिर झालं होतं, ते किती वेळ थांबतं ते सगळ्यांना माहीत होतं. मी चरबी वितळवून वाटीत ओतली आणि कान फिरवला. जोमाने तोट्या उघडून पाणी काढलं. चाकावरची चुन्याची रेघ जागेवर होती. भाऊशेट फळीवर उभे होते, माझ्याकडे नाही, जोमाकडे बघत.

मी म्हणालो, सोड.

जोमाने सोडली नाही. त्याने पेटीला कान लावला. मी पुन्हा म्हणालो, सोड, पाणी उतरेल. त्याने हाताने थांबा म्हटलं. तांडेल ओरडला, दिवाणजी काहीतरी पुटपुटले, सनईसुद्धा थांबली. पेटीत चरबी झडपेपर्यंत पोहोचल्याचा आवाज असतो असं मी तोवर कुणाकडून ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही. पण जोमा तो ऐकत होता. मला वाटतं, मी आयुष्यात एवढा वेळ कधीच थांबलो नसेन. मग त्याने कान काढला, वाफेच्या चाकावर हात ठेवला आणि सावकाश फिरवलं.

इंजिन कण्हलं नाही. एक लांब श्वास, मग दुसरा, मग तिसरा, आणि धक्का मागे सरकायला लागला. बायका देवाचं नाव घेत होत्या. भाऊशेट फळी काढायच्या आत कसेबसे आत उडी मारून आले, त्यांचं उपरणं पाण्यात पडलं आणि ते ओरडलेसुद्धा नाहीत.

दुर्गाडी किल्ल्याचा बुरूज मागे पडला तेव्हा उजाडलं. दिव्याच्या काठावर पारूबाई उभी होती. जोमाने नेहमीसारखी शिट्टी दिली, जरा लांब. मी दर तासाला पळी घेऊन वाटीत चरबी ओतत होतो. वऱ्हाडातली माणसं वाकून बघत आणि नाकाला पदर लावून मागे होत. त्या बोटीला आता पुऱ्यांचा वास येत नव्हता. गोरजेच्या दोन तास आधी आम्ही वसईच्या धक्क्याला लागलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. महिन्याभराने काळं तेल आलं. वास घाणेरडा, पण जोमाने बोटाला लावून, हुंगून, माळेकडे बघून मान हलवली. अन्नपूर्णा त्यानंतर सात वर्षं चालली आणि जोमाने एकही भरती चुकवली नाही. पारूबाई त्याच्या नंतरही बरीच वर्षं होती. माझ्या हिशेबाने नवस पूर्ण फळला.

पण मला आठवतं ते वसईच्या धक्क्यावरचं. वऱ्हाड वाजतगाजत वर गेलं होतं. बोटीवर आम्ही दोघंच उरलो. मांडवातून निरोप आला की मिस्त्री आणि आगवाला, दोघांनी जेवायला यावं, पानं मांडली आहेत. मी माझ्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत चरबी, नखांत चरबी, वर धुळीचा थर. अशा हातांनी लग्नाच्या पंगतीत कसं बसायचं. मी जोमाला म्हणालो, तू जा, मी इथेच काहीतरी खाईन.

जोमाने बॉयलरखालची कोमट राख एका करवंटीत घेतली, कनवटीच्या पुरचुंडीतून दोन रिठे काढून ठेचले, गरम पाण्याचा डबा आणला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. मला वाटलं, पाणी ओतून देईल. त्याने माझा उजवा हात ओढून आपल्या दोन्ही हातांत धरला आणि राख लावून चोळायला सुरुवात केली. बोटं, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट. चरबी त्याच्या हातांना लागत होती, त्याच्या कोपरांवरून खाली ओघळत होती. वाकला की माळ पुढे लोंबायची, ती तो हनुवटीने मागे सारायचा.

मी हात मागे घ्यायला गेलो. म्हणालो, "अरे जोमा, माळ आहे तुझ्या गळ्यात."

त्याने वर पाहिलं नाही.

"माळ गल्यान हाय, मिस्तरी," तो म्हणाला. "दुसरा हात द्या."